पाच जणांची गोष्ट आणि पाच जणांचे ‘मी’

प्रश्न : नमस्कार. आम्ही पाच जण मिळून व्हॉट्सॲप ग्रुपवर एक गोष्ट लिहितो, रोलप्ले पद्धतीनं. प्रत्येकाचं एक पात्र, ज्याचं त्यानं लिहायचं. जुलैची रात्र आहे, कॅसलरॉकच्या पुढं घाटात दरड कोसळलीय आणि गोव्याला जाणारी गाडी लोंढा स्टेशनवर अडकून पडलीय. निपाणीचा मित्र लेकीकडं निघालेली म्हातारी अक्का लिहितो. चंदगडचा मित्र समीर लिहितो, कॉलेजचा मुलगा. बेळगावची मैत्रीण पुण्याहून आलेली वैदेही लिहिते आणि बेळगावचाच एक मित्र स्टेशन मास्तर हेगडे. मी खानापूरची, स्टेशनवरच्या चहाच्या स्टॉलवरची शोभा लिहिते. मी आणि निपाणीवाला ‘मी’ वापरून लिहितो, बाकी तिघं ‘तो’, ‘ती’. वाचताना गोंधळ होतो. निपाणीवाल्यानं ‘मी उठले’ लिहिलं की सगळे त्याची चेष्टा करतात. आणि मागच्या आठवड्यात समीरवाल्यानं लिहून टाकलं : ‘समीरने वैदेहीचा हात धरला. ती घाबरली होती, पण तिला बरं वाटलं.’ तेव्हापासून वैदेही लिहिणारी गप्प आहे. माझं म्हणणं, सगळ्यांनी ‘मी’नंच लिहावं, म्हणजे दुसऱ्याच्या मनात शिरायचा प्रश्नच उरणार नाही. बाकीचे ऐकेनात. कुणाचं बरोबर?
– शोभा लिहिणारी, खानापूर

उत्तर : तुमच्या गोष्टीसाठी ‘तो’, ‘ती’ घ्या. सगळ्यांनी भूतकाळात लिहा आणि प्रत्येक पोस्ट एकाच पात्राच्या नजरेतून लिहा. वैदेहीला जे दिसतं, ऐकू येतं, आठवतं, कळतं तेवढंच वैदेहीच्या पोस्टमध्ये यावं, फक्त ‘मी’च्या जागी ‘वैदेही’ किंवा ‘ती’ असावं. याला मर्यादित तृतीयपुरुषी निवेदन म्हणतात. सगळ्यांच्या मनातलं जाणणारा सर्वज्ञ निवेदक तुमच्या गोष्टीत कुणीच व्हायचं नाही. तुम्हाला ‘तो-ती’चा राग आला आहे तो खरं तर या सर्वज्ञपणाचा आहे, आणि तो रास्त आहे.

‘मी’ लावल्यानं मात्र तो थांबणार नाही. समीरवाल्याचं तेच वाक्य ‘मी’नं लिहून बघा : ‘मी वैदेहीचा हात धरला. ती घाबरली होती, पण तिला बरं वाटलं.’ काय बदललं? वैदेहीचा हात धरलेलाच आहे, तिचं मन वाचलेलंच आहे. उलट ‘मी’मध्ये एक पळवाट तयार होते. कुणी बोललं की समीरवाला म्हणणार, ‘अरे, समीरला तसं वाटलं, मी कुठं म्हटलं की तसंच होतं?’ मग भांडण कशावरून चाललंय तेच कळेनासं होतं. आणखी एक, ‘मी’च्या मागोमाग ‘आम्ही’ येतो. ‘आम्ही सगळे हसलो आणि स्टॉलकडे निघालो’ असं तुमच्या शोभानं लिहिलं, की एका वाक्यात चार जणांना हसवलं आणि चालवलंही. लिहिणाराच्या ते लक्षातही येत नाही. ‘शोभा हसली’ लिहिताना असं होत नाही, कारण कर्त्याच्या जागी एकच नाव मावतं.

दुसऱ्याच्या पात्राला परस्पर चालवण्याला रोलप्लेवाले गॉडमॉडिंग म्हणतात. त्या एका ओळीत ते दोनदा झालंय, आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पहिलं शरीराचं. आपल्या पात्राची कृती समोरच्याच्या अंगापर्यंत नेऊन थांबवायची. ‘हात धरला’ हा निकाल झाला. ‘हात पुढं केला’ हा प्रयत्न झाला. तो हात घ्यायचा, झटकायचा की दिसलाच नाही असं करायचं, हे वैदेही लिहिणारीनं पुढच्या पोस्टमध्ये ठरवायचं. बेळगावच्या शिवजयंतीला चित्ररथावर सजीव देखावा असतो, तिथं जो तो आपल्या पात्राचे हातपाय हलवतो, शेजारच्या मावळ्याचा हात धरून त्याची तलवार कुणी चालवत नाही. मारामारीच्या प्रसंगात हे जास्तच सांभाळायला लागतं. ‘ठोसा लगावला’ न लिहिता ‘ठोसा उगारला’ लिहा, लागला की हुकला ते समोरचा सांगेल. गर्दीनं पुढं सरकणं, दिलेला चहा हातात घेणं असल्या बारीकसारीक गोष्टींना दर वेळी परवानगी मागत बसू नका, गोष्ट रखडेल. स्पर्श, इजा, रडणं, प्रेम आणि मरण या पाच ठिकाणी मात्र आधी विचारलंच पाहिजे.

दुसरं मनाचं. समोरच्याचं मन लिहायचं नाही, पण बाहेर जे दिसतं ते लिहायला काहीच हरकत नाही, आणि आपल्या पात्रानं त्याचा काय अर्थ लावला तेही लिहिता येतं. दिसलं, वाटलं, भासलं आणि ‘सारखं’ हे शब्द इथं कामाला येतात. समीरवाल्याची ओळ अशी होईल : ‘समीरनं हात पुढं केला. वैदेही घाबरल्यासारखी दिसत होती, निदान त्याला तरी तसं वाटलं.’ आता चुकायची मुभा समीरला आहे. वैदेही घाबरलेली नसून थंडीनं कुडकुडत असेल, चिडलेली असेल. दोन पात्रांच्या समजुतीत असं अंतर पडलं की गोष्टीत रंग भरतो. समीरवाल्यानं वैदेहीचं मन स्वतःच सांगून ही संधी घालवली, हा त्यातला खरा तोटा.

आता पाच जणांत ‘मी’ का चालत नाही ते बघू. व्हॉट्सॲपवर मेसेजच्या डोक्यावर लिहिणाराचं नाव दिसतं, पात्राचं नाही. तुमच्या फोनमध्ये निपाणीचा मित्र ज्या नावानं सेव्ह असेल ते नाव वर आणि खाली ‘मी गुडघे चोळले’. वाचणाऱ्याला प्रत्येक पोस्टला मनातल्या मनात भाषांतर करावं लागतं : हा म्हणजे अक्का, ती म्हणजे शोभा. दोघं असतील तर जमतं. पाच जणांत, आणि तेही दोन दिवसांनी ग्रुप उघडून एकदम साठ मेसेज वाचताना, तिसऱ्याच पोस्टला गाडी चुकते. पुढं कधी सगळं एक्स्पोर्ट करून एकत्र वाचायचं म्हटलं तर फाइलमध्येही तारीख, वेळ आणि मित्रांचीच नावं येणार. शिवाय स्टेशनवर हमाल आहे, डब्यातलं रडणारं पोर आहे, भटकं कुत्रं आहे. त्यांचं कुणी लिहायचं? ‘तो-ती’मध्ये जो लिहितोय तो दोन ओळीत हमालाला आणतो आणि नेतो. ‘मी’ लिहिणाराला हमालाच्या तोंडचा आणखी एक ‘मी’ उभा करावा लागतो आणि एका मेसेजमध्ये दोन ‘मी’ भांडू लागतात.

ऑनलाइन रोलप्लेमध्ये तृतीयपुरुष रुजला त्यामागंही हीच अडचण असावी. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात मड नावाचा, निव्वळ मजकुरावर चालणारा, अनेकांनी एकाच वेळी खेळायचा खेळ तयार झाला. अशा खेळांमध्ये आणि १९८८ मध्ये आलेल्या आयआरसी या इंटरनेटवरच्या चॅटच्या गप्पांमध्ये पुढं एक सोय असायची. छोटा आदेश देऊन नुसतं ‘हसतो’ लिहिलं की सगळ्यांच्या पडद्यावर ‘अमुक हसतो’ असं नावासकट उमटायचं. एकच ओळ अनेक जण वाचतात तेव्हा तिच्यात नाव असावंच लागतं.

मराठीत याखेरीज लिंगाचा प्रश्न आहे, आणि तो आपल्या भागात जास्त अवघड आहे. ‘मी दार उघडलं’, ‘मी चहा केला’, ‘मी तिला पाहिलं’ या वाक्यांत बोलणारा पुरुष की बाई ते कळत नाही, कारण क्रियापद दाराच्या नि चहाच्या मागं जातं. ‘मी गेलो’, ‘मी उठले’ म्हटलं की एकदम कळतं. म्हणजे एकाच परिच्छेदात चार वाक्यं बिनचेहऱ्याची आणि पाचव्यात अचानक बाई समोर. त्यात बेळगाव, खानापूर, निपाणी, कोल्हापूर या पट्ट्यात बायका घरात सर्रास ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. तुमची शोभा स्टेशनवर ‘येतो की मी, थांब जरा’ असंच बोलणार आणि तसंच बोलायला हवं. पण निवेदनही ‘मी’नं असेल तर पंचाईत. ‘मी स्टॉल बंद करून निघालो’ लिहिलं तर पुण्याचा वाचक तिला समीर समजेल. ‘मी निघाले’ लिहिलं तर संवादातली शोभा एक आणि निवेदनातली दुसरी. ‘तो-ती’मध्ये हा घोळ आपोआप मिटतो. अवतरणचिन्हांच्या आत शोभाचं खरं बोलणं राहू द्या, बाहेर ‘शोभा निघाली’. ‘पाऊस थांबंना झालाय, दूध बी संपूलाय’ ही ओळ संवादात शोभते, निवेदनात सलग शंभर शब्द तशी भाषा आली तर वाचणारा थकतो.

निपाणीच्या मित्राच्या चेष्टेबद्दल थोडं. ती थांबवा. संगीत रंगभूमी उभी करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या मंडळीत भाऊराव कोल्हटकर आणि पुढं बालगंधर्व स्त्रीभूमिका करत आणि लोक त्यांना डोक्यावर घेत. मुलगा अक्का लिहितोय यात हसण्यासारखं काही नाही. ‘अक्का उठली’ लिहायला लागल्यावर त्याचं लिखाण मोकळं होईल, हा नियम बदलण्याचा आणखी एक फायदा.

तृतीयपुरुषाच्याही खोड्या आहेत, आणि मराठीत त्या सर्वनामांत असतात. ‘ते आले तेव्हा ते बंद होतं’ या वाक्यातले एक ‘ते’ मास्तर आणि दुसरं ‘ते’ ऑफिस, हे लिहिणाराला ठाऊक असतं, वाचणाऱ्याला नाही. साधा उपाय असा : पोस्टच्या पहिल्याच वाक्यात आपल्या पात्राचं नाव. त्यानंतर ‘तो’ किंवा ‘ती’ फक्त आपल्या पात्रासाठी, बाकीच्यांना नावानं किंवा नात्यानं हाक. एकाच पोस्टमध्ये दोन पुरुष आमनेसामने असतील तर आदरार्थी रूप मदतीला येतं. ‘समीर हेगडेंजवळ गेला. त्यानं मान हलवली.’ कुणी? कळत नाही. ‘त्यांनी मान हलवली’ म्हटलं की हेगडेंनी. ‘आपला’ हा शब्दही विसरू नका. ‘समीरनं आपली बॅग उचलली’ म्हणजे स्वतःची. ‘समीरनं त्याची बॅग उचलली’ असं लिहिलं तर मराठी वाचक पटकन विचारतो, कुणाची? इंग्रजीत लिहायची सवय झालेली मुलं इथं हमखास घसरतात आणि समीरवर चोरीचा आळ येतो.

आदरार्थी रूपाचा उपयोग एवढ्यावर संपत नाही. मराठीत कोण कुणाला काय म्हणतं यावरून ओळ कुणाच्या नजरेतून आली ते एका क्रियापदात कळतं, त्यामुळं याबद्दल ग्रुपमध्ये पाच मिनिटं बोलून घ्या. वैदेही पुण्याहून आलेली, तिला अक्का परक्या. तिच्या पोस्टमध्ये ‘अक्का उठल्या’ हवं. शोभा दिवसभर अशा शंभर अक्कांना चहा देते, तिच्या पोस्टमध्ये ‘अक्का उठली’. समीरचं समीरवाल्यानं ठरवावं, आणि गोष्टीच्या ओघात समीर ‘त्या’वरून ‘ती’वर आला तर जवळीक वाढली हे वाचकाला न सांगता कळेल. अक्काच्या स्वतःच्या पोस्टमध्ये ती नेहमी ‘अक्का उठली’, कारण कुणी स्वतःला अहो-जाहो करत नाही. हेगडेंचंही तसंच. वैदेहीसाठी ते ‘स्टेशन मास्तर’, शोभासाठी ‘हेगडेसाहेब’, अक्कासाठी नुसते ‘मास्तर’, आणि त्यांच्या स्वतःच्या पोस्टमध्ये ‘हेगडेनं दिवा खाली ठेवला’, एकेरी. हे एवढं जरी पाळलं तरी पोस्टच्या डोक्यावरचं नाव न वाचता ती कुणाची ते ओळखता येईल. इंग्रजीत लिहिणाऱ्यांना ही सोय नाही. आपल्याला आहे तर ती पुरेपूर वापरा.

‘मी’ सोडला तर पात्र लांब जातं, कोरडं होतं, ही भीती तुमच्या पत्रात उघड नाही, पण ‘मी’ लिहिणाऱ्या दोघांच्या मनात असणार. खाली अक्काचीच एक पोस्ट घेऊ. ‘मी’मधली अशी असेल :

‘मी पिशवी चाचपली. कुंद्याचा डबा होता, पाकीट होतं. समोरची पोरगी मघापासून फोन हलवत होती. मला वाटलं, हिला रेंज मिळत नसेल. मी उठले आणि तिच्याजवळ गेले.’

ही ‘तो-ती’त आणताना बहुतेक जण असं करतात :

‘अक्काने पिशवी चाचपली. तिला जाणवलं की कुंद्याचा डबा आहे. तिच्या लक्षात आलं की समोरची मुलगी फोन हलवत आहे. तिला वाटलं की तिला रेंज मिळत नसावी. अक्का उठली आणि तिच्याजवळ गेली.’

हे मेलं. दोष तृतीयपुरुषाचा नाही, ‘तिला जाणवलं की’, ‘तिच्या लक्षात आलं की’, ‘तिला वाटलं की’ या तीन जोडण्यांचा आहे. प्रत्येक वेळी निवेदक मध्ये उभा राहतो आणि अक्का बघतेय हे सांगतो, अक्काला काय दिसतंय ते दाखवत नाही. वर ‘तिला वाटलं की तिला’मध्ये दोन बायका एकमेकींत मिसळल्या. शिवाय ‘पोरगी’ची ‘मुलगी’ झाली, म्हणजे अक्काची जीभही गेली. जोडण्या काढून टाका आणि शब्द अक्काचे ठेवा :

‘अक्कानं पिशवी चाचपली. कुंद्याचा डबा होता, पाकीट होतं. समोरची पोरगी मघाधरनं फोन वर करून हलवत होती. लोंढ्यात, तेही असल्या पावसात, कुठली रेंज. बरोबर कुणी माणूस दिसत नव्हतं हिच्या. विचारावं का? विचारावंच. अक्का गुडघ्यावर हात टेकून उठली.’

‘मी’ कुठंच नाही, तरी सगळं अक्काच्या डोक्यातून आलंय. ‘कुठली रेंज’ हे निवेदकाचं मत नाही, अक्काचं आहे. ‘विचारावं का?’ला अवतरणचिन्ह नाही, ‘मनात म्हणाली’ नाही. आणि पोस्ट कुठं थांबली तेही बघा. अक्का उठली आहे, वैदेहीच्या जवळ अजून गेलेली नाही. वैदेही लिहिणारीला तिला येताना पाहायची, फोन खाली ठेवायची, खिडकीकडं तोंड फिरवायची मोकळीक आहे. एकाच पोस्टमध्ये अक्का गेली, बोलली, शेजारी बसली आणि डबा उघडून कुंदाही दिला, तर समोरचीला ‘थँक्यू’ म्हणण्यापलीकडं काही शिल्लकच राहत नाही.

‘लक्षात आलं’, ‘जाणवलं’ हे शब्द कायमचे बंद करू नका. ते तेव्हाच वापरा जेव्हा लक्षात येणं हीच घटना असते. तिकीट हरवल्याचं समीरच्या लक्षात येतं तेव्हा ते लिहायलाच हवं.

आता कन्नडचं, कारण सीमेवरच्या गोष्टीत ते येणारच. तुमच्या गोष्टीत हेगडे कन्नड बोलतात, शोभा दोन्ही भाषांत वाढलेली, अक्काला कामापुरतं येत असेल, वैदेहीला एक अक्षर येत नाही. समजा हेगडे फोनवर म्हणाले, ‘मुंजाने तनक आगंगिल्ल री.’ हेगडेच्या स्वतःच्या पोस्टमध्ये सरळ मराठीत लिहा : सकाळपर्यंत काही व्हायचं नाही, त्यानं कन्नडमध्ये कळवलं. त्याला ती भाषा परकी नाही, मग परकी दाखवायची कशाला? शोभाच्या पोस्टमध्ये मूळ वाक्य देवनागरीत द्या आणि लगेच तिची प्रतिक्रिया लिहा, तिनं दुधाची पातेली मोजायला घेतली, म्हणजे अर्थ वाचकाला आपसूक कळेल. वैदेहीच्या पोस्टमध्ये तेच वाक्य शब्दशः येऊ नये. न कळणाऱ्या भाषेतलं वाक्य माणसाला जसंच्या तसं ऐकू येत नाही. ‘स्टेशन मास्तर फोनवर कन्नडमध्ये काहीतरी बोलले आणि घड्याळाकडं बघून गप्प झाले’ इतकंच. आणि पुढच्या पोस्टमध्ये वैदेहीनं ‘सकाळपर्यंत थांबायचंय तर मी झोपते’ म्हणता कामा नये. वैदेही लिहिणारीनं हेगडेची पोस्ट वाचली आहे, वैदेहीनं नाही. लिहिणाराला ठाऊक आणि पात्राला नाही, अशी माहिती वापरण्याला मेटागेमिंग म्हणतात, आणि मजकूर सगळ्यांना दिसणाऱ्या ग्रुपमध्ये ती सहज होणारी चूक आहे. पोस्ट पाठवण्याआधी प्रत्येकानं एवढंच विचारावं, हे माझ्या पात्राला कुठून कळलं? उत्तर ‘ग्रुपवर वाचलं’ असेल तर ओळ काढायची.

‘मी’ कायमचा हद्दपार करू नका. गोष्टीतल्या गोष्टीला तो लागतोच. अक्कानं लेकीला पाठवलेला व्हॉइस मेसेज, समीरच्या वहीतलं पान, वैदेहीचं न पाठवलेलं पत्र हे सगळं ‘मी’नंच शोभतं, फक्त वर ‘समीरची वही’ असं लिहा. दोघांनीच लिहायची गोष्ट असेल, विशेषतः पत्रांची किंवा एकमेकांना केलेल्या मेसेजची, तर ‘मी’ उत्तम. तिथं ‘मी’ दोनच असतात आणि प्रत्येकाला दुसरं फक्त बाहेरून दिसतं. तीन जण झाले की ताण सुरू होतो. ‘तू’नं निवेदन मात्र करू नका. ‘तू बाकावर बसलीस आणि मान खाली घातलीस’ हे वाचायला छान वाटतं, पण प्रत्येक वाक्य समोरच्याला हुकूम सोडतं.

चालू गोष्टीत नियम बदलताना मागचं काही दुरुस्त करायला बसू नका. त्यात पंधरा दिवस जातात आणि उत्साह संपतो. त्यापेक्षा गोष्टीतला वेळ पुढं ढकला. रात्र संपवून पहाटे चारवर या. एका जणानं दीडशे शब्दांत तोवरचा सारांश ‘तो-ती’मध्ये लिहावा, कुणाच्या मनात न शिरता, फक्त घडलेलं. तो सगळ्यांनी वाचून ‘चालेल’ म्हणायचं आणि तिथून नवीन पद्धत. नियम चार ओळींत लिहून ग्रुपच्या माहितीत टाका, कारण पिन केलेला मेसेज जास्तीत जास्त तीस दिवस टिकतो. पोस्ट ऐंशी ते दीडशे शब्दांची ठेवा. फार लांब मेसेज व्हॉट्सॲप मध्येच तोडून ‘आणखी वाचा’ दाखवतो आणि नेमका पुढच्याला धागा देणारा शेवटच झाकला जातो. उद्या डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर गेलात तर तिथं साध्या खात्याला एका मेसेजमध्ये दोन हजार अक्षरांची मर्यादा आहे. मराठीत काना, मात्रा, वेलांटी हे सगळं वेगळं मोजलं जातं, त्यामुळं तीनशेच्या आसपास शब्दांतच ती भरते.

पात्राबाहेरचं बोलणं (‘उद्या पेपर आहे, लिहिणार नाही’) दुहेरी कंसात टाका किंवा त्यासाठी दुसरा ग्रुप काढा. दुसरा ग्रुप बरा. कृतीभोवती तारे काढायची इंग्रजी सवय, म्हणजे तारा, ‘हसतो’, तारा, ही व्हॉट्सॲपवर सोडा. तिथं ताऱ्यांमधला मजकूर ठळक होतो आणि सगळ्या कृती ओरडल्यासारख्या दिसतात. ‘तो-ती’त लिहिताना त्यांची गरजही नाही, कृती हे वाक्यच असतं. दोघं एकाच वेळी लिहायला बसले की एकाच क्षणाच्या दोन कथा होतात, म्हणून लिहायला घेण्याआधी नुसतं ‘शोभा’ असं पात्राचं नाव टाकायचं आणि तीस मिनिटांत पोस्ट आली नाही तर पाळी पुढच्याची. चूक दिसली तर पंधरा मिनिटांत मेसेज एडिट होतो, त्यानंतर नाही, तेव्हा पाठवल्यावर लगेच एकदा वाचा.

राहिली ती वादाची ओळ. ती पुसून टाकायची गरज नाही. समीरवाल्यानं आधी मैत्रिणीला थेट, ग्रुपबाहेर सांगावं की तुझं पात्र मी चालवलं, तसं करायला नको होतं. मग गोष्टीत एक छोटी पोस्ट टाकावी : ‘हात धरला असं समीरला वाटलं होतं. अंधारात त्याच्या हाती बॅगेचा पट्टा आला होता, आणि ती घाबरलीय हा अंदाज त्याचाच होता.’ एवढ्यानं शरीरही परत मिळालं आणि मनही, आणि समीर थोडा खजील झाला, जे पात्र म्हणून त्याला चांगलंच आहे. पण ही पोस्ट टाकायची की नाही, हे वैदेही लिहिणारीला विचारून. तिला ते सगळं गोष्टीतून काढूनच टाकायचं असेल तर सारांशातून वगळा आणि पुन्हा विषय काढू नका. पहाटे चारची पहिली पोस्ट तिला लिहू द्या. बाकीच्या चौघांनी तोवर थांबायचं, मग ती दोन दिवसांनी आली तरी.